जादा दांडा

गोदामात सामान कमी साठतं, किस्से जास्त. सामान निदान कोणीतरी मागून नेतं. किस्से मागायला कोणी येत नाही, म्हणून ते आपणच वाटत सुटायचं.

मी कोलशेत बंदरावर कारकून होतो. कल्याण ते ठाणे खाडीत आमच्या मालकांची एकच आगबोट चालायची. तिच्या इंजिनासाठी विलायतेहून एक जादा क्रँकशाफ्ट आला. इंजिन फिरवणाऱ्या त्या लोखंडाला आम्ही दांडा म्हणायचो. साहेबानं तो गोदाम सांभाळणाऱ्या नानांच्या ताब्यात दिला आणि बजावलं, "गंजला किंवा वाकला, तर तुमची नोकरी गेली." नानांच्या घरी सात खाणारी तोंडं. बिचाऱ्यांची त्या दिवसापासून झोपच उडाली.

* * *

आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनानं वाकेल, म्हणून दांडा उभा टांगायचा होता. पहारेकरी धर्मा म्हात्रेनं त्याच्याभोवती एक फेरी मारली. दांड्याला मुळातच जागोजागी कोपरासारखी वळणं.

"नाना, यो त आदीच वाकरा हाय. आनी कवरा वाकल?"

नाना चपापले. ही वळणं आपल्या माथी मारणार नाही ना, हे त्यांनी लगेच साहेबाला विचारून घेतलं.

* * *

पावसाळ्यात नानांनी दांड्याजवळ शेगडी ठेवली. बंदरावर तेवढी एकच जागा कोरडी! एके सकाळी बघतो, तर दांड्याच्या प्रत्येक वळणावर सुक्या बोंबलांच्या माळा. शेजारच्या हिराबाई कोळणीचे बोंबील सादळले होते.

नाना ओरडायला लागले, तर तीच उलट म्हणाली, "वरडता कशाला? तुमचा बी सुकतंय, माझा बी सुकतंय."

मला हसू आवरेना. नाना मात्र रडवेले झाले होते.

* * *

हाताच्या घामानं लोखंड गंजतं, असं साहेब एकदा बोलून गेला. झालं! नानांनी दांड्याला सोवळ्यात ठेवलं. चरबी धर्मानं लावायची, तीही फडक्यानं. बाकीच्यांनी चार हात लांब.

पुढे साहेब तपासणीला आला आणि त्यानं सवयीनं हात पुढे केला.

"शिवू नका!" नाना ओरडले.

साहेब दचकून मागे सरला. "हा नियम कुणाचा?"

"आपलाच, साहेब."

* * *

आणि मग एकदा भर खाडीत आगबोटीचा दांडा मोडला. फिटर धावत जादा दांडा न्यायला आला. नाना दारात आडवे उभे.

"हा दिला आणि उद्या पुन्हा मोडला, तर मी काय देऊ?"

फिटरनं साहेबाला आणलं. साहेबानं दांड्यावरचं मेणकापड काढायला लावलं. आत त्याच्या मिशा दिसाव्यात इतका दांडा लखलखीत. त्यात बघून साहेबानं मिशीला पीळ दिला.

"खरं आहे," तो म्हणाला. "दुसरा मागवा."

विलायतेहून माल यायला महिने लागतात. तोवर आमची आगबोट वल्ह्यांनी चालली. वल्हेकरी कमी पडले की उतारूंनाही बसवायचे. असाच एक कल्याणचा वाणी तळहाताला फोड घेऊन गोदामात शिरला आणि नानांवर तडकला, "इंजिनाचा एक जादा दांडा ठेवता येत नाही तुम्हाला?"

नानांना ते फार लागलं. ते ताडकन उठले आणि किल्ल्या घेतल्या.

"ठेवता येत नाही? चला, दाखवतो."