हमाल खाली उतरला का?

स्कारबरोतल्या माझ्या घरमालक अंकलइतका घाबरट माणूस अख्ख्या कॅनडात नसेल, असं मला तरी वाटतं. वसईहून तरुणपणी आलेले, तेव्हा एकटेच राहणारे. पण इतक्या वर्षांत इथल्या थंडीवर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. झाडांची पानं पिवळी व्हायच्या आत गाडीला विंटर टायर्स लागायचे. घर गरम ठेवणारी फर्नेस जरा घुरघुरली की मला बेसमेंटमधून काढून अंगणात उभं करायचे, कोटाशिवाय. मी कॉलेजला निघाले की बसचा अंदाज घेऊन फोन यायचा, ‘‘उतरलीस का गो पोरी?’’ मी ‘हो’ म्हणेपर्यंत ते चहाला तोंड लावत नसत.

अशा माणसाला छंद कसला, तर जुन्या अमेरिकी मूकपटांचा; तेही साहसी, विनोदी. रविवारी चर्चहून आले की टीव्ही लावायचे. हिरो कड्याला लोंबकळतोय, खाली दरी, आणि अंकल उशी छातीशी धरून बसलेले. पण ती भीती हिरोसाठी नसायची. ‘‘त्याला काय होतंय? पिक्चर त्याचाच हाय,’’ म्हणायचे. त्यांचा जीव अडकायचा तो मागून सामान घेऊन चढलेल्या काळ्या हमालात. हिरो वाचायचा, नायिकेला मिठी मारायचा, चित्रपट संपायचा, आणि अंकल रिमोटने मागेपुढे करत बसायचे. ‘‘हमाल खाली उतरला का? कोणी दाखवीतच नाय!’’ तोंडाला रंग फासून, फेटा बांधून ‘हिंदू साधू’ झालेला गोरा नट आला की म्हणायचे, ‘‘ह्याची काळजी नको. हा रंग धुवून घरी जाईल.’’ एकदा भुताला भिऊन काळा नोकर डोळे विस्फारून पळाला, तेव्हा पडद्यावरचे सगळे हसत होते. अंकल नाही हसले. ‘‘हिरो घाबरला तर साहस, हा घाबरला तर जोक? मीपण असाच पळालो असतो.’’

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सिनेमाच्या वर्गात याच चित्रपटांवर, त्यांत कुणाला कसं दाखवलंय यावर, मला बोलायचं होतं. सगळ्यांसमोर इंग्रजीत बोलायच्या धास्तीने मी कोर्सच ड्रॉप करणार होते. अंकल म्हणाले, ‘‘घाबर, पोटभर घाबर. पण जा.’’

गेले. बाहेर बर्फ पडत होता, बस उशिरा आली. पहिलं वाक्य बोलले आणि पुढचं कागदावर शोधू लागले. तेवढ्यात, बर्फाचा उशीर धरून केलेला अंकलचा फोन वाजला. बंद करायच्या गडबडीत स्पीकरच सुरू झाला, ‘‘उतरलीस का गो? रस्ता निसरडा हाय!’’

वर्ग हसला. ‘‘काय म्हणतायत ते?’’ सरांनी विचारलं. मी सांगितलं. मग हेही सांगितलं, की हाच माणूस हाच प्रश्न पडद्यावरच्या एका हमालाबद्दल विचारतो. तिथून पुढे मी बोलत गेले. कुणाची भीती शौर्य ठरते, कुणाची थट्टा. शेवटी पहिल्या रांगेतल्या मुलीने हळूच विचारलं, ‘‘मग उतरला का तो?’’

‘‘दाखवलेलंच नाही,’’ मी म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

आता मी कोऑपसाठी, म्हणजे कॉलेजनेच लावलेल्या कामासाठी, ओटावात असते. अंकल कॅनडातल्याच केंब्रिजला लेकीकडे राहतात. बरंच विसरायला लागलेत. त्यांचा फोन येत नाही, म्हणून बसमधून उतरल्यावर मीच करते. परवा केला. ‘‘अंकल, उतरले.’’

 घाबरलेला आवाज आला, ‘‘कोण? हमाल?’’

‘‘हो अंकल.’’

‘‘नीट? लागलं नाय ना कुठं?’’

‘‘नाही, सुखरूप उतरलो.’’

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग पलीकडून चहाचा एक घोट ऐकू आला.