परसूच्या अंगणातला भंडारा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. शेजारची निंगव्वा – जिला माझ्या घरात मीठ किती उरलंय तेसुद्धा ठाऊक असतं – तिलाही नाही. तुम्हांला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोरचा माणूस कशासाठी ऐकतोय ते आधी बघायचं, हा माझा जन्माचा स्वभाव. तुम्हीसुद्धा हे कशाला वाचताय, कोण जाणे. असू दे.

माझी बायको सुंदरा गेल्या पावसाळ्यात वारली. दम्यानं. आमच्या गल्लीत लोक म्हणतात, महादूनं बायकोची सेवा केली तशी कोण करतो? खरं आहे. केली. तिला भाकरी चावायचा दम नसायचा तेव्हा कण्या शिजवल्या, वीट तापवून पाठ शेकली, ओव्याची पुरचुंडी नाकाशी धरली, न्हाऊ घातलं. पोरबाळ नव्हतं, तर दुसरं करणार कोण? पण ती सेवा कसली होती, ते मला ठाऊक आहे. तेच लिहायला बसलोय. मराठी तिसरीपर्यंत शिकलो, अक्षर वाकडं येतं, पण येतं.

आम्ही मूळचे अळणावरकडचे. हुबळीला मी कापसाच्या जिनात लागलो – कापसातली सरकी काढायचा कारखाना. हंगामात आत कापसाचं असं तूस उडायचं की पलीकडचा माणूस दिसू नये. खोली जिनाच्या मागच्याच गल्लीत. लग्नानंतर दोन-तीन हंगाम गेले आणि सुंदराला धाप लागायला लागली. पालथ्या बुट्टीवर – टोपलीवर – कोपरं टेकून बसायची, खांदे वर, गळ्याशी खड्डा पडलेला, छातीतून मांजर बोलल्यासारखा आवाज.

पहिल्यांदा मीही घाबरलो. लॅमिंग्टन रोडवरच्या एका डॉक्टराकडं नेलं. तो म्हणाला, दमा आहे, धुळीपासून जपा. मला वाटलं, हा सगळ्यांना दमाच सांगत असणार, बाटली खपवायची असते ना. मग मी आपला लक्ष ठेवायला लागलो. आणि काय दिसलं? दिवसभर बाई ठीक. निंगव्वाशी कन्नडात गप्पा मारते, पाणी भरते. संध्याकाळी मी दारात पाय ठेवला, की हिचा श्वास अडकतो. एकदा नाही, रोज. आणि अळणावरला धाकट्या भावाकडं, परसूकडं गेली की महिना महिना खोकलासुद्धा नाही. जाताना बुट्टीवर वाकलेली, येताना गाल वर आलेले.

तुम्ही काय समजला असता? मी समजलो – हिला मी नको. माझं तोंड बघितलं की हिचा जीव घाबरतो, तिकडं गेली की फुलते. आणि परसूला ती हवीच असणार, भाताच्या लावणीला फुकटचा हात. सगळे मिळून मला बनवताहेत. निंगव्वा तिच्याकडं बघून “पाप, पाप” म्हणायची – बिचारी, बिचारी. मला वाटायचं, हीसुद्धा त्यांच्यातलीच.

एका वर्षी ती माहेरी गेली ती येईचना. मी गेलो आणायला. परसूनं अंगणात घोंगडं टाकलं, गावातली चार जाणती माणसं बसली होती.

“दाजी, अक्काला इथं बरं वाटतंय. राहू द्या अजून थोडी,” परसू म्हणाला.

“लावणीला माणूस मिळतंय, म्हणून होय?”

तो हसला. “अक्का लावणी करणार? ती चिखलात उतरली तर आमची निम्मी माणसं तिला वर काढायला लागतील.”

सगळे हसले. सुंदरा दाराशी उभी होती, तीही हसली. ते हसू मला सहन झालं नाही. मी म्हणालो, हिला काही झालेलं नाही, ही नाटक करते. नवऱ्याचं करायला नको म्हणून श्वास अडवून धरते. एक म्हातारा म्हणाला, “महादबा, बाईमाणसाच्या नावावर बोलतोस. भंडारा उचलून सांगशील?”

आमच्याकडं यल्लम्माचा भंडारा उचलला की बोलणं संपतं. हळद हातात घेऊन जे बोललास ते बोललास, त्यावर पुन्हा पंचायत नाही. मी उचलला. म्हणालो, हिचं दुखणं खोटं आहे, मी खोटं बोलत असेन तर आईनं माझं काय ते बघावं. आणि परसूलाही उचलायला लावला – सणाला एक मुक्काम, त्यापेक्षा जास्त बहिणीला ठेवून घेणार नाही. सुंदरा दारातून आत गेली.

इथवर मी खोटं बोललो नव्हतो, हे लक्षात घ्या. मला ते खरंच वाटत होतं. सवलत मागत नाही. कुठून काय सुरू झालं ते सांगतो.

पावसाळ्यात जिन बंद असायचा. मी बाजारात हमाली करायचो, नाही मिळाली तर घरीच बसायचो. त्या पावसाळ्यात सुंदरा माझ्याशेजारी बसली, जेवली, झोपली, आणि धाप म्हणून लागली नाही. बघा, भंडाऱ्यानं कसं ठिकाणावर आणलं, असं मला वाटलं. खूष होतो मी.

मग हंगाम लागला. जिनाचा पहिला दिवस. घरी आलो, बंडी काढून तिच्या डोक्यावरच्या खुंटीला लावली आणि बसलो. तिनं ताट पुढं ठेवलं आणि तिथंच तिचा श्वास चढला. “लागलीस पुन्हा?” म्हणून मी उठलो. बाहेर जाऊन बसावं म्हणून बंडी ओढली, आणि रागारागात अंगणातल्या धुण्याच्या दगडावर टाकून दिली. तिथंच उभा राहिलो. थोड्या वेळानं आतला आवाज बसत गेला. दगडावर बंडी पांढरी दिसत होती. तूस. गळ्याला, शिवणीला, काखेत, सगळीकडं.

माणसाला कळायचं असलं की एका क्षणात कळतं. मला कळलं.

आणि मग मी काय केलं?

मी ती बंडी उचलली आणि पुन्हा आत नेली. खात्री करायला. एवढं कळूनसुद्धा माझा विश्वास बसेना – की बसवून घ्यायचा नव्हता? सुंदरा बुट्टीवर डोकं टेकून होती, नुकती सावरलेली. तिच्या जवळ उभा राहिलो आणि बंडी झटकली. चांगली दोनदा. आणि बघत राहिलो. तिची छाती पुन्हा आत ओढली गेली, ओठ काळेनिळे झाले. तिनं बंडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. बोलायला श्वास नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी जिनाच्या नळावर आंघोळ करून, दुसरे कपडे घालून घरी यायला लागलो. तिनं एकदा विचारलं, “अवो, हे नवीन काय?” मी म्हणालो, “अंगाला खाज सुटते.” ती म्हणाली, “बरं.”

धाप कमी झाली, पण गेली नाही. गल्लीतच तूस उडायचं, आणि छाती तोवर खराब होऊन बसली होती. तिला अळणावरची हवा हवी होती. ती मिळवून देणं माझ्या हातात होतं. त्याच अंगणात, त्याच माणसांसमोर जाऊन म्हणायचं होतं, मी चुकलो, दुखणं खरं आहे, परसूला शब्दातून मोकळं करा. एवढंच. मी गेलो नाही. भंडारा उचलून बोललेला माणूस खोटा पडला की त्याला पुन्हा कोण विचारतो? माझा शब्द खरा राहावा म्हणून तिची हवा बंद ठेवली.

आणि लोक सेवा म्हणतात ती – राखण होती. तिच्यापाशी कुणी बसलं की मी तिथंच घुटमळायचो. निंगव्वा आली की आत पाणी तापवायला जायचो नाही, दारात बसून राहायचो. सुंदराला कळलंय का? सांगेल का? लोक बघायचे आणि म्हणायचे, किती जपतो हो.

जर्मनच्या लढाईच्या दिवसांत तिचं फार वाढलं. एकदा म्हणाली, “एक थंडी परसूकडं काढते.”

मी म्हणालो, “त्यानं भंडारा उचललाय. शब्द मोडेल का?”

“तुम्ही सांगितलं तर मोडेल,” ती म्हणाली.

मी शेक द्यायची वीट बघायला चुलीकडं गेलो. तिनं पुन्हा विषय काढला नाही. तिला सगळं ठाऊक होतं, असा मला आजही संशय आहे. विचारायची हिंमत झाली नाही.

ती गेल्यावर परसू आला. त्याचे केस पांढरे झालेत. तिचे दिवस झाल्यावर निघताना तो माझ्या पाया पडला. म्हणाला, “दाजी, तुम्ही शेवटपर्यंत अक्काचं नाटक सोसलंत. दुसरा असता तर टाकून दिली असती.” सख्ख्या भावाला ती मरेपर्यंत नाटकी वाटत होती, माझ्या शब्दावर. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

यंदा सुगीनंतर त्यानं माणसाकरवी नव्या तांदळाची पिशवी पाठवली. रेशनच्या या दिवसांत, घरच्यांच्या तोंडचं काढून. मी ती घेतली. तांदूळ चांगले आहेत. रोज त्यातलेच शिजवतो, आणि खातो.