अड्याळच्या अंगणातली दुसरी डिस्क

सासुरवाडीच्या अंगणात मी लॅपटॉप उघडला तेव्हा प्रेक्षक जमलेलेच होते. दुपारची जेवणं आटोपली होती. मी खुर्चीवर, बाकी सगळे चटईवर. आमच्याकडे जावयाला खुर्ची देतात आणि त्याचं बोलणं कोणी तोडत नाही. यातली दुसरी रीत माझ्यासारख्या माणसाला फार घातक.

विषय होता सासूबाईंच्या गाण्यांचा. पूर्वी त्या रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला जायच्या आणि गुडघाभर चिखलात उभ्यानं गायच्या. घरानं धम्म घेतल्यावर जुन्या चालींवर नवे शब्द त्यांनी स्वतःच बसवले होते. बायकोनं सुट्यांमध्ये अड्याळला येऊन ती सगळी गाणी रेकॉर्ड केली. पुढे सासूबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. त्या बोलू लागल्या, पण घोगऱ्या, तुटक आवाजात. गाणं गेलं ते गेलंच. आता तो गळा उरला होता फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये.

त्या लॅपटॉपमध्ये दोन संसार होते. सुरू केला की विचारायचा, विंडोज की लिनक्स? विंडोज बायकोच्या शाळेच्या कामाचं, लिनक्स माझं. शाळेच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस पाहुण्यासारखे येत आणि तिच्या बाजूला मुक्काम ठोकत, म्हणून गाणी माझ्या बाजूला ठेवली होती. मग आतली डिस्क कुरकुरू लागली. “कॉपी काढून ठेवा ना,” बायको रोज म्हणायची.

नुसत्या गाण्यांची कॉपी चहा उकळेपर्यंत झाली असती. पण मी पडलो नाटक्या. मी अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल बाहेरच्या डिस्कवर उतरवली आणि लॅपटॉप त्या नकलेवरूनच सुरू करून दाखवायचं ठरवलं. कितीतरी दिवस काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती. शेवटी बूटलोडर, म्हणजे सुरुवातीचं दार उघडणारा छोटा प्रोग्राम, बाहेरच्या डिस्कवर नव्यानं बसवला आणि विंडोज-लिनक्सचा प्रश्न पडद्यावर झळकला. मी आमच्या भंडाऱ्याच्या घरात नाचलो. येत्या रविवारी प्रयोग अड्याळला, हेही तेव्हाच ठरलं.

“भाऊजी, सिनेमा दाखवून राहिले का?” साळ्यानं चटईवरून विचारलं.

“सिनेमा नाही, जादू!” मी बाहेरची डिस्क जोडली, तिच्यावरूनच लिनक्स सुरू केलं आणि उभा राहिलो. “हे सगळं आता या बाहेरच्या डब्यावर चालून राहिलं. आतली गाणी आत झोपली आहेत, सुखरूप. पटत नाही? मी या नकलेतली गाणी पुसतो. मग आतली वाजवून दाखवतो.”

“कायले पुसता?” बायको म्हणाली. “नुसते वाजवून दाखवा ना.”

“जादूगार पेटीतल्या बाईले कापते, तं बाई मरते काय?”

सगळे हसले. सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, “जावईबापू म्हणतात तं असंन.”

मी पुसली. कचऱ्याच्या टोपलीतही राहू नयेत अशी, थेट हुकूम देऊन. वायर ओढून काढली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि हात हवेत फिरवून फोल्डर उघडायला गेलो. फोल्डर नव्हतं.

शोधल्याचं सोंग थोडा वेळ केलं. साळ्यानं एक विनोद सुरू केला आणि मध्येच सोडला. सासूबाईंनी विचारलं, “माहे गाणे गेले का?” तोही प्रश्न त्यांनी इतक्या हळू विचारला, जणू चूक त्यांच्याच हातून झाली असावी. मी उठलो आणि तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगामागे जाऊन तोंड लपवलं. अक्षरशः.

तिथं डोक्यात उजेड पडला. डिस्कच्या प्रत्येक भागाला ओळख क्रमांक असतो. माझी नक्कल इतकी हुबेहूब की दोघींचा क्रमांकही एकच. बाहेरचीनं दार उघडून क्रमांक पुकारला आणि आतलीच ‘हजर’ म्हणत पुढे आली. नक्कल म्हणून मी अस्सल पुसलं होतं. म्हणजे गाणी बाहेरच्या डब्यात असणार! पण तो पुन्हा जोडायला हात धजेना. या वेळी कोण हजेरी देईल कोणास ठाऊक.

परत येऊन मी सांगितलं, आतली डिस्क काढूनच टाकायला हवी. सासूबाईंनी शिलाई मशीनचा पेचकस आणून दिला. स्क्रू साळ्यानं उघडले. बाहेरची एकटी डिस्क जोडली. पांढरी रेघ लुकलुकली. मग प्रश्न आला, मग लिनक्स, मग फोल्डर.

बायकोनंच गाणं लावलं. अंगणात तो जुना, भरदार आवाज उभा राहिला. सासूबाईंचे ओठ हलत होते, आवाज मात्र लॅपटॉपमधून येत होता. मला मान वर करता येईना.

गाणं संपल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, “बाई, तो डबा तुह्याजवळ ठेव.” आणि माझ्याकडे वळून, अगदी मानानं, “जावईबापू, तुमी चहा घ्या.”

खुर्ची रिकामीच होती. मी चटईवर बसून चहा प्यालो, कपबशी दोन्ही हातांनी धरून, म्हणजे माझे हात गुंतलेले सगळ्यांना दिसावेत.