पुढं हिंगोली, मागं शिपाई

फुकट फिरणाऱ्याच्या अंगाला दोनच गोष्टी चिकटतात, धूळ आणि किस्से. धूळ कयाधू नदीत पाय बुडवले की जाती. किस्से काही जात न्हाईत, उलट दरसाल थोडे वाढतात! आता कुणी म्हणतं, नामाकाका, ते शिपायाचं सांगा. मी विचारतो, त्यातलं कोणतं? एकट्या शिपायाचेच इतके हायेत की तुमचा चहा थंड होईल.

निजामाचं राज्य होतं, चव्वेचाळीस साल. मी हिंगोलीत एका ओसरीवर शिलाई मशीन टाकून बसायचो. आमचे गुरुजी जवळच्या खेड्यात शाळामास्तर. तिसरा बंजारा तांड्यावरचा रामसिंग. त्याच्या आज्यानं बैलांवर धान्य लादून हिंगोलीच्या इंग्रज पलटणीला पोचवलेलं, म्हणून गावातल्या बैलांना पाणी पाजायच्या झाडून साऱ्या जुन्या विहिरी त्याला ठाऊक.

गुरुजींच्या डोक्यात एक किडा शिरला होता. शाळेच्या पुस्तकात साऱ्या दुनियेचे बादशहा, अन् हिंगोलीचं एक अक्षर न्हाई. आपल्या गावाचा इतिहास आपणच लिहायचा, तोही मराठीत, असं त्यांनी ठरवलं. रीतसर अर्ज केला. ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे तिथले फौजदार, त्यांनी उत्तर धाडलं की असल्या उद्योगाला परवानगी न्हाई. गुरुजींनी तो कागद खिशात घातला अन् पुढच्याच शुक्रवारी, शाळेला सुट्टी म्हणून, कोरी वही घेऊन माझ्या ओसरीवर हजर.

"नामा, मशीन झाक. आपलं गाव बघायला कुणाची परवानगी लागत न्हाई."

*

आता गाव बघायचं म्हणजे पायीच. टांगा आमाला परवडत नव्हता. फडक्यात भाकर, वर ठेचा, एखादा कांदा, झाली तयारी.

पण त्या दिवसांत चार माणसं एका जागी बसून बोलली की ठाण्याला सभेचा वास यायचा. त्यावर गुरुजींनी नियम काढला, बसायचंच न्हाई. "बसलं की सभा, चाललं की वाट!" त्यामुळं भाकरसुद्धा आमी चालता चालता खायचो. सराफ्यातनं तिघं ओळीनं ठेचा चावत निघालो की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. हसू द्या म्हणलं. आमी एकदाही टेकलो न्हाई.

*

तरी ठाण्यानं आमच्या मागं माणूस लावलाच. करीममियाँ त्याचं नाव. पन्नाशीला आलेला, अंगानं भारी, अन् पायात सरकारी बूट, ते एका मापानं लहान. आमच्या नकळत मागं यायचा त्याला हुकूम होता. पण बुटाच्या नाली अशा वाजायच्या की गल्लीतली कुत्री त्याच्या आधी आमच्यापाशी पोचायची.

पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत त्याचा चेहरा कढईगत तापला. शेवटी लपणंछपणं सोडून सरळ जवळ आला अन् म्हणाला, "गुरुजी, बसा की जरा कुठं."

गुरुजी म्हणाले, "बसायची चोरी तुमच्याच साहेबांनी केली."

अन् मुद्दाम कयाधूच्या काठानं एक वळसा जास्त घातला. मला तवा लई मजा वाटली. आता त्या पायांची दया येती.

*

करीममियाँचा पहिला रिपोर्ट दीड ओळीचा होता. गेले, पाहिलं, परत आले. साहेब भडकले. काय पाहिलं, काय बोलले, शब्द न् शब्द पाहिजे, असं बजावलं. पुढच्या शुक्रवारी तो कागद-पेन्सिल घेऊनच आला.

गुरुजींना तेवढंच पाहिजे होतं! त्यांनी प्रत्येक विहिरीपाशी, प्रत्येक कमानीपाशी सावकाश सांगायला सुरुवात केली. ही कुणी बांधली, पाणी कुणी नेलं, कुणाला बंदी होती. मधूनच मागनं आवाज यायचा, "गुरुजी, आहिस्ता. लिहून राहिलो." की गुरुजी थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. ते वहीत मराठी लिहायचे, हा कागदावर उर्दू.

एकदा एका बारवेच्या पायऱ्यांवरनं तंटा झाला. गुरुजी म्हणत सतरा, करीममियाँ म्हणे अठरा. मग आमी चौघं खाली उतरून पुन्हा मोजत वर आलो. अठराच निघाल्या. गुरुजींनी वहीत दुरुस्ती केली अन् पुढं अर्धा दिवस कुणाशी बोलले न्हाईत.

करीममियाँचं अक्षर वाईट, म्हणून तो घरी आधी कच्चा मसुदा लिहायचा अन् मग साहेबासाठी साफ नक्कल. खाटेखाली कच्च्या कागदांचे गठ्ठे साचले, त्यावरनं बायको रोज भांडती, असं तो आमालाच सांगायचा. दुसऱ्या कुणाला सांगणार?

*

गावाबाहेर गोऱ्यांचं कबरस्तान. गुरुजी इंग्रजीचं एकेक अक्षर जुळवत दगड वाचून राहिले होते. हा कप्तान, तो डॉक्टर, ही कुणाची मेम. रामसिंग एकेक दगड बघत मागनं येत होता. मग त्यानं विचारलं, "गुरुजी, ह्यांना खायला आमच्या आज्यानं आणलं. त्याचा दगड कुठं हाय?"

गुरुजींनी लिहिलेलं पान फाडलं. नव्या पानावर सगळ्यात वर रामसिंगच्या आज्याचं नाव घातलं, खाली कप्तान. मागनं करीममियाँनी विचारलं, नाव काय म्हणालात? गुरुजींनी मोठ्यानं सांगितलं. त्यानंही लिहून घेतलं. निजामाच्या ठाण्यात तांड्यावरच्या माणसाचं नाव गुन्ह्याशिवाय गेलं, ते तेवढंच असंल.

*

शुक्रवार म्हणजे जुम्मा. करीममियाँची पंचाईत! नमाज सोडता येत न्हाई अन् आमालाही सोडता येत न्हाई. पहिल्यांदा तो मशिदीच्या दारात घुटमळत राहिला. गुरुजींना ते बघवेना. म्हणाले, "जा तुमी. आमी उभे राहतो."

"बराबर?"

"शब्द हाय माझा."

तवापासून तशीच रीत पडली. तो आत, अन् आमी तिघं बाहेर त्याच्या बुटांची राखण करीत उभे. ज्याची आमच्यावर पाळत, त्याच्या बुटांवर आमची! मी एकदा माझ्या दाभणानं त्या बुटाचा उसवलेला टाकाही घातला. गुरुजी कुरकुरले की सरकारी बूट काहून शिवतो. मी म्हणलं, बूट सरकारचा, पाय त्याचा हाय.

*

मग सत्तेचाळीस साल आलं. तिकडं देश मोकळा झाला, इकडं आमी होतो तिथंच. तिरंगा नुसता घरात सापडला तरी माणूस आत जायचा.

मी दार लावून एक तिरंगा शिवला. रस्त्यावर पाऊल वाजलं की मशीन थांबवायचो. पण शिवण सरळ आली. पलटणीच्या जुन्या कवायतीच्या मैदानात एक उंच खांब होता, नुकताच चुना लावलेला. तिथं लावायचा ठरला. पण मागं शिपाई.

गुरुजी म्हणाले, जुम्म्याच्या टाइमाला.

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांनी दिलेला शब्द त्यांनाही आठवत होता. खाली मान घालून म्हणाले, "ह्या एका कामापुरता मी खोटा."

करीममियाँ आत गेला अन् आमी पळत सुटलो. रामसिंग खांबावर चढला, झेंडा बांधला, वारं लागलं तसा तो उलगडला. एवढा मोठा दिसंल असं शिवताना वाटलं नव्हतं. डोळे भरून पाहायलाही थांबलो न्हाई. नमाज सुटली तवा तिघं धापा टाकत बुटांपाशी उभे. करीममियाँनी बूट घातले. रामसिंगचं धोतर चुन्यानं पांढरं झालं होतं, तिकडं त्यानं पाहिलं अन् म्हणाला, "चला." बस, एवढंच.

त्या दिवसापासून गुरुजी आमा दोघांनाच पुन्हा पुन्हा सांगायचे, शिपायाला असा चकवला, असा चकवला!

*

झडती झालीच. माझं मशीन उलटंपालटं करून पाहिलं. गुरुजींच्या घरी ती वही सापडली. त्यात विहिरी, वाटा, मैदानं, सारे नकाशे. साहेबांनी वही जप्त केली अन् आमाला तिघांना कोठडीत टाकलं. तिसऱ्या दिवशी बाहेर काढलं. साहेब एक रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होते, चिडून होते. म्हणाले, जा, पण हिंगोलीत फिरताना दिसू नका.

वही परत मिळाली न्हाई. जाळली, असं मागाहून कळलं. तीन वर्सांची पायपीट. गुरुजी बाहेर येऊन म्हणाले, "वही गेली. पाय शाबूत हायेत." पण घरी गेल्यावर माणूस ढसाढसा रडला, मी पाहिलं. बंदी असून फिरायला पुन्हा बाहेर पडले, तर तोंडपाठ होतं ते सारं विसरायला लागलं होतं. कोणत्या कमानीची काय हकीगत वहीत लिहिली होती, तेही आठवंना. पुढचे काही महिने तसलेच गेले, अन् मग लुटालुटीचे, जाळपोळीचे दिवस असे आले की फिरणं बंद पडलं.

*

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. एका सकाळी मी गुरुजींच्या ओट्यावर बसलो होतो, तर करीममियाँ आला. अंगावर वर्दी न्हाई, पायात साधी चप्पल, खांद्यावर गोणपाटाचं ओझं. ते खाली ठेवून म्हणाला, "खाटेखालची रद्दी हाय. बायको म्हणती, ज्याची त्याला नेऊन द्या."

गुरुजींनी गाठ सोडली. कच्चे मसुदे! सारे शुक्रवार, लागोपाठ. प्रत्येक विहीर, प्रत्येक कमान, गुरुजींचा शब्द न् शब्द. बारवेच्या पायऱ्या अठरा. कबरस्तानाच्या पानावर सगळ्यात वर रामसिंगच्या आज्याचं नाव.

गुरुजींनी एकेक कागद उलटून पाहिला. मग त्यांनी मला नवी वही आणायला लावली. ते उर्दू वाचून मराठीत सांगायचे अन् मी लिहायचो. करीममियाँ रोज यायचा, अक्षर लागलं न्हाई की तो सांगायचा.

शेवटच्या गठ्ठ्यातलं एक पान आलं अन् गुरुजी थांबले. पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. झेंड्याच्या दिवसाचा रिपोर्ट होता तो.

"आज नमाजच्या पूर्ण वक्तात तिघं मशिदीबाहेर माझ्या बुटांपाशी बसून होते. जागचे हलले न्हाईत. मी स्वतः पाहिलं."

गुरुजींनी चष्मा काढला. "करीममियाँ, आमी तिथं नव्हतो."

"चुना दिसला होता की."

"मग असं काहून लिहिलं?"

करीममियाँनी चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला अन् अंगठा चोळत म्हणाला, "तीन वर्सं मागं फिरवलं तुमी मला, गुरुजी. कागदावर तरी एकदा बसवलं तुमाला."