मामांच्या आवारातली वाट

कायद्याला भिणारे पुष्कळ असतात, डॉक्टरला भिणारे तर घरोघरी. पण या दोघांवर एकाच वेळी मनापासून प्रेम करणारा माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. दिवाणी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त होऊन मामा मुलुंडला स्वतःच्या बैठ्या घरात राहत. "डॉक्टरच्या चिठ्ठीला इंग्रजीत प्रिस्क्रिप्शन म्हणतात आणि वहिवाटीनं मिळणाऱ्या हक्कालाही प्रिस्क्रिप्शनच," हे ते मला दर भेटीत नव्याने सांगत. "दोन्हीकडे नेम चुकला की संपलं, जावईबापू!"

चिठ्ठी ते हायकोर्टाच्या निकालासारखी पाळत. मिक्श्चरच्या बाटलीवर कंपाउंडरने चिकटवलेली कागदी पट्टी उजेडात धरून, एक डोळा मिटून डोस मोजत. एकदा 'जेवणानंतर एक गोळी' असं लिहिलेलं असताना एकादशी आली. जेवणच नाही, तर 'नंतर' कुठून येणार? गोळी समोर ठेवून मामा दुपारपर्यंत विचार करत बसले. अखेर मामींनी "वऱ्याचे तांदूळ म्हणजे जेवणच, गिळा मुकाट्यानं" असा निकाल दिला, तेव्हा कुठे ती पोटात गेली. मी पोट धरून हसलो. मी स्वतः खोकल्याचं औषध चव बघून घेत असे, आणि खोकला बारा महिने माझ्याकडे मुक्कामाला असे.

पण मामांची खरी ख्याती वाटेबद्दल. आमची बिल्डिंग त्यांच्या घरामागे. बाजारात जायचं तर नाल्याला मोठा वळसा, नाहीतर मामांच्या आवारातून, पडवीसमोरून सरळ. मामांनी कुणालाही कधी अडवलं नाही. अट एकच: "मामा, जाऊ का?" असं विचारायचं आणि त्यांनी "परवानगी आहे!" म्हटल्यावरच पाऊल टाकायचं. न विचारता लोक वीस वर्षं उघड ये-जा करत राहिले तर वाट त्यांच्या हक्काची होते, परवानगीने गेले तर कधीच होत नाही, हे कोर्टात बसून त्यांना पाठ झालं होतं. दूधवाला विचारी, शाळेची पोरं कोरसमध्ये विचारत, कोळीण तर टोपली सावरत "दे रं मामा परवानगी, म्हावरं नासंल!" असा दमच भरी. मामा तिलाही तितक्याच गांभीर्याने परवानगी देत.

मी वकिलीच्या पहिल्याच परीक्षेत दोनदा गटांगळी खाल्लेली, त्यामुळे कायदा मला जरा जास्तच कळत होता. न विचारता जायचं आणि हक्क कमवायचा, असा बेत करून एका सकाळी मी चपला हातात घेऊन पडवीसमोरून चवड्यांवर निघालो. आतून आवाज आला, "जावईबापू, परवानगी आहे! आणि चोरून गेलेलं वहिवाटीत धरत नाहीत हो, चपला घाला." मामींचं हसणं मला पार रस्त्यापर्यंत ऐकू आलं.

मग मामांना हृदयाचा झटका आला. डॉक्टरांनी चिठ्ठीत गोळ्यांखाली लिहिलं: पूर्ण विश्रांती, बोलणं बंद. मामांनी खाट पडवीच्या खिडकीशी घ्यायला लावली आणि तोंड मिटलं. त्यांना बोलायला लागू नये म्हणून सगळी बिल्डिंग आपण होऊन नाल्याच्या वळशाने जाऊ लागली. त्यात सगळ्यांत पुढे मी. या त्यागाचं मला इतकं कौतुक वाटत होतं की ऑफिसात चार जणांना सांगूनही झालं.

आठवड्याभराने मामी आमच्या दारात आल्या. "आमचं काही चुकलं का हो? खिडकीला डोळे लावून पडलेले असतात. कुणी येत नाही की जात नाही. कालपासून जेवले नाहीत, आणि जेवण नाही म्हणून गोळीही घेत नाहीत." बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मी तसाच उठलो. मामा उशीला टेकून बसले होते, अगदी एवढेसे दिसत होते. मला एकदम भडभडून आलं. इतकी वर्षं हा माणूस वाट राखतोय असं मी समजत होतो, आणि तो तर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट बघत होता.

"मामा, जाऊ का?" मी विचारलं. "बोलू नका, नुसती मान हलवा."

मामांनी मान हलवली नाही. उशाच्या चिठ्ठीकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा डॉक्टरचा हुकूम मोडून हळूच म्हणाले, "परवानगी आहे."

मामींनी पेजेची वाटी पुढे केली आणि त्यांनी तोंड उघडलं. मामांचे फार दिवस उरले नव्हते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. मला बाजारात काहीच काम नव्हतं. फाटकापर्यंत गेलो, डोळे पुसले आणि परत जायची परवानगी मागायला वळलो.