शेव सरळ लावणारा

आमच्या माधव नगरच्या यात्री निवासाची वेबसाइट करणारा हा माणूस पोह्यांवरची शेवसुद्धा बोटानं सरळ ओळीत लावतो. "ताई, पानाची रुंदी फिक्सच राहणार. डिझाइन हललं की मामला खतम!" फोनवर अर्धं पान स्क्रीनबाहेर जायचं, पण त्याच्यापुढे माझं काही चालेना.

परवा मुक्कामाला आलेल्या एक आजी जेवणाची वेळ शोधत ते पान डावीकडे-उजवीकडे ओढत बसल्या. हा समोर पोहे खाता खाता थांबला. लॅपटॉप उघडून त्यानं रुंदी मोकळी सोडली.

"आता बघा, आजी."

पान फोनमध्ये अलगद मावलं. "मिल गया!" आजी म्हणाल्या. त्यानं नवी शेव मागवली आणि पोह्यांवर नुसती भुरभुरवली.