हाड थांबू शकतं

“फीमर मोडलंय,” एक्स-रे उजेडात धरत डॉक्टर म्हणाले. फीमर म्हणजे मांडीचं हाड. अंगातलं सगळ्यात दणकट हाड, आणि माझ्या नवऱ्याच्या, विजयच्या, त्या हाडाचे दोन तुकडे एकमेकांवर चढले होते. लांज्याच्या काजू कारखान्यातून मोटरसायकलवरून घरी येताना हायवेच्या अर्धवट कामापाशी टेम्पोने त्याला उडवलं. रत्नागिरीच्या हॉस्पिटलात आणेपर्यंत तो शुद्धीवर होता. वाकड्या पायाकडे बघून आम्ही इतके हादरलो, की त्याला श्वास नीट घेता येत नाही हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

डॉक्टरांचं लक्ष मात्र छातीकडे. बरगड्या मोडल्या होत्या आणि सीटी स्कॅनमध्ये लंग कन्ट्यूजन दिसलं. म्हणजे फुफ्फुसांनाच मुका मार.

त्याच दिवशी त्याला ऑपरेशनला नेलं. बाहेर आणला तेव्हा मांडीतून पिना बाहेर आलेल्या आणि त्यांना वरून सळया जोडलेल्या. याला एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात. मोडलेलं हाड हलू नये म्हणून बाहेरून दिलेला तात्पुरता आधार. हाडाच्या पोकळीत घालायची खरी सळई, म्हणजे नेल, नंतर घालणार होते. नंतर म्हणजे कधी?

“बघू,” डॉक्टर म्हणाले आणि चालू लागले. त्या ‘बघू’चा मला भयंकर राग आला. ज्याचं माणूस आत पडलंय त्याला बसवून नीट चार वाक्यं सांगायला काय होतं?

ते कोणी सांगितलं नाही, म्हणून बाकीचे सगळे सांगू लागले. आमच्या वाडीचं मुंबईला मंडळ आहे. तिकडे नोकरीला असलेली आमचीच माणसं. देवळाच्या छपरापासून पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, पायऱ्यांपर्यंत सगळं तेच ठरवतात. पुतण्याने एक्स-रेचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि माझ्या नवऱ्याची मांडी बैठकीचा विषय झाली. रिक्षावाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सर्वांचं एकमत: काम अर्धवट ठेवलंय, मुंबईला आणा. तिकडे बेडही ठरवला. पायासाठी मुंबईला न्यायचं का, असा गावात गुरवाने देवीला कौल लावला. देवीला उजव्या-डाव्या बाजूला कळ्या लावून प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर होकार. उजवी पडली.

माझी देवीवर श्रद्धा आहे. पण तिला विचारलं होतं पायाबद्दल. फुफ्फुसांचं कोणी तिच्या कानावर घातलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अँब्युलन्स गेटवर आली. मोठे दीर कागद घेऊन माझ्यासमोर उभे. स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट नेतो, अशी सही हवी होती.

“गाडी इली हाय गो. देवीनं उजवा दिलान. सही कर.”

मी कागद तसाच हातात घेऊन डॉक्टरांना गाठलं आणि त्यांच्या वाटेतच उभी राहिले. म्हटलं, आता बघू नका, सांगा. सळई का घालत नाही?

तेव्हा कुठे ते थांबले. “सळई ठोकताना हाडातली चरबी रक्तात जाते आणि तिथून फुफ्फुसांत. यांची फुफ्फुसं आत्ताच जेमतेम चालताहेत. हाड थांबू शकतं, श्वास थांबू शकत नाही.”

“आणि मुंबईला नेताना वाटेत श्वास अडला तर?”

“ड्रायव्हर गाडी बाजूला घेईल. घाटात त्याहून जास्त कोण काय करणार?”

मी परत आले. “भावजी, मी सही नाय करनार.”

“मंग काय झाला तर तू बघशील?”

“बघीन,” म्हटलं आणि कागद त्यांच्या हातात परत दिला.

आणि त्याच दुपारी विजयचा ऑक्सिजन उतरला. त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं, म्हणजे मशीन त्याच्यासाठी श्वास घेऊ लागलं. बाहेरच्या बाकावरची आमची सगळी माणसं माझ्याकडे अशी बघत होती, जणू तो टेम्पो मीच चालवत होते. डॉक्टर जाता जाता एवढंच म्हणाले, “हे गाडीत झालं असतं.” हे त्यांनी बाकाकडे तोंड करून सांगायला हवं होतं. माझ्या एकटीच्या कानात सांगून काय उपयोग? मी खूप रडले, पण संतापानेच जास्त.

पुढे छाती सुधारली, मशीन निघालं आणि मग शांतपणे नेल घातली. मंडळाने ‘देवीची कृपा’ असा मेसेज टाकला. तुमच्यावर अशी वेळ आली तर एक करा, ‘आज का नाही’ हे डॉक्टरांना थांबवून विचारा, आणि एक्स-रे ग्रुपवर टाकू नका. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, त्यांच्यावरचा रागही विसरणार नाही.

विजय आता वॉकर घेऊन अंगणात फिरतो. गुडघा आखडतो, चिडचिड करतो. परवा पाहुणे आले, त्यांना सांगत होता, “तेवा मला मुंबैला नेला असता तर आज मी बिनवॉकरचा फिरलो असतो, पन आमची ही आयकनार कोनाचा!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा बाहेर आले. तो बोलतच होता. बेड कसा ठरला होता, गाडी कशी दारात होती, मी कशी आडवी आले. सगळं एका दमात, कुठे धाप नाही, कुठे थांबणं नाही.

मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि त्याला बोलू दिलं.